येट्स का यीट्स? नक्की काय म्हणायचं

एमए_नांदेड:
एमए इंग्लिशच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा सेमिनारला आयरिश कवी डब्ल्यू. बी. यीट्सवर पाच मिनिटं यीट्स, यीट्स करत बोललो आन् मागची पोरं हसायली, सर म्हणले येट्स म्हण. पण मग तो इंग्रज कवी कीट्स, त्याचं स्पेलिंग पण तसंच की, फक्त पहिलं अक्षर वेगळं, त्याला केट्स का म्हणत नाहीत? बारावीपर्यंत आमचं सगळं मराठी मीडियम, ही नावं नुसती पुस्तकात पाहिलेली, कुणाच्या तोंडून ऐकलेलीच नाहीत. लई वाईट वाटलं. नीट सांगा कुणीतरी.

परभणीचे_मास्तर:
सर बरोबर आहेत बाळा, येट्सच. गेट्स, डेट्सशी यमक जुळतं. कीट्स मात्र कीट्सच. स्पेलिंगमध्ये ईए (ea) असलं की बहुतेक शब्दांत उच्चार ई होतो, सीट, मीट, टी, पण ग्रेट, ब्रेक, स्टेकमध्ये जुना ए राहिला. पूर्वी चहाच्या टी ला इंग्रज पण टे म्हणायचे, आयर्लंडमध्ये तर ते लई उशिरापर्यंत चाललं. आन् येट्स 1865 चे, जन्म डब्लिनचाच. आयरिश तोंडात हा ए सरळ असतो, इंग्रजांसारखा शेवटी इ कडं वळत नाही, म्हणून आपलं 'इकडं ये' मधलं ये लावलं तरी चालतंय. जीभ वाकडी करायची गरज नाही.

लातूरकर:
एवढं काय त्यात, कोण ते समजलं म्हणजे झालं. आपण ठाकूरांना टागोर म्हणतोच ना?

मोरे_बीड:
टागोर ही तर त्यांची स्वतःची इंग्रजीतली सही होती दादा. आन् 1912 च्या इंग्लिश गीतांजलीची प्रस्तावना येट्सचीच, पुढच्या वर्षी टागोरांना नोबेल, येट्सना 1923 ला. हे सेमिनारमध्ये सांग, उपयोगी पडेल. आता माझं ऐका, आडनाव मोरे, हैदराबादला नोकरीला होतो तर इंग्रजीत लिहिलेलं वाचून सगळे मिस्टर मोअर, मिस्टर मोअर, दोन वर्षं मी गप्प, आतून टोचायचं पण. शेवटी एकदा सांगितलं मोरे म्हणा, त्या दिवसापासून नीट म्हणायले. आपल्या आडनावाचं आपल्याला लागतं तर त्यांच्या पण घरचं आहेच की ते.

लातूरकर:
हे पटलं.

एमए_नांदेड:
आभारी आहे सर, मोरे काका. अर्धा पेपर बुधवारी वाचायचाय. आता नाव घ्यायची वेळ आली की अडखळणार नाही, टागोरांचं पण टाकतो त्यात.