‘व्हल्नरेबल’ चेतापेशीला मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम: एका आरोग्यपुस्तिकेचं भाषांतर करतेय. मजकूर साधारण असा: गर्भात आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं, तर मेंदूतल्या रिसेप्टरांचं (संप्रेरक ज्यावर येऊन बसतं त्या प्रथिनांचं) काम बिघडतं आणि चेतापेशी ‘व्हल्नरेबल’ होतात. मी ‘भेद्य’ लिहिलं. संपादक म्हणाले, पेशी आहे की किल्ला? ‘असुरक्षित’ म्हटलं की रात्रीची लोकल आठवते. आणि रिसेप्टरला ‘ग्राही’ चालेल ना?

रातांबा: हळवी! आजी म्हणायची, पोराची छाती हळवी आहे, वाऱ्यात नेऊ नका. पोर आजारी नसे, पण चटकन बाधेल असं. हेच हवंय ना तुम्हाला?

खडूस: हळव्या पेशी सिनेमा बघून रडतील.

वैद्यबुवा: ‘ग्राही’ला माझी हरकत. आयुर्वेदात ग्राही म्हणजे पातळ मल बांधून आणणारं, जुलाब अडवणारं. सुंठ, जिरं वगैरे. मेंदूत सुंठ कुठून आणली?

पावशेर: मग ‘ग्राहक’ लिहा.

खडूस: हो, आणि संप्रेरकाला ‘माल’.

सूक्ष्मदर्शी: चेष्टा बाजूला ठेवा, घोळ त्या शब्दातच आहे. थायरॉइडचे ग्राही पेशीच्या केंद्रकात असतात, डीएनएला चिकटलेले. थायरॉइडच्या टी-४ या संप्रेरकाचं टी-३ हे कामाचं रूप झालं आणि ते येऊन बसलं की जनुकं चालू. पण टी-३ आलं नाही तर ग्राही स्वस्थ बसत नाही, तीच जनुकं दाबून धरतो. उंदरांमध्ये अल्फा-१ जातीचा ग्राहीच काढून टाकला, तर थायरॉइड कमी असूनही लहान मेंदूची रचना बिघडत नाही. नाहीतर तिथल्या पर्किंजे नावाच्या मोठ्या चेतापेशींच्या फांद्या खुरटतात. म्हणजे संप्रेरक नसण्यापेक्षा रिकामा ग्राही जास्त नडतो.

वैद्यबुवा: म्हणजे अडवतो! मग आमचाच अर्थ बरोबर निघाला की. हरकत मागे.

शुद्धिपत्र: इतका काथ्याकूट चाललाय आणि ‘थायरॉइड’ कोणालाच खुपत नाही? मराठी विश्वकोशात ‘अवटु ग्रंथी’ आहे. तो लिहा.

पावशेर: अमरकोशात ‘अवटुर्घाटा कृकाटिका’. तिन्ही शब्द मानेच्या मागच्या बाजूचे. ग्रंथी आहे पुढे, गळ्यापाशी. शुद्ध शब्द, पण मान उलटी.

शुद्धिपत्र: शब्द रुळला की मूळ अर्थ कोण बघतो?

पावशेर: अहो, मग थायरॉइडही रुळलाच आहे! मुळात ग्रीक ‘ढाल’. हौसच असेल तर ‘ढालग्रंथी’ म्हणा.

खडूस: आमच्या आत्याला विचारा. ‘मला थायरॉइड आहे’ म्हणते. मी म्हटलं, तो सगळ्यांनाच असतो. दोन महिने बोलत नव्हती.

रातांबा: आत्याचं बरोबर आहे. ‘मला साखर आहे’ म्हणतो तेव्हा कोणी हसतं का?

अर्धविराम: मंडळी, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. भेद्य, हळवी की आणखी काही?

सूक्ष्मदर्शी: ‘चटकन इजा होणारी’ असं सरळ लिहा. एका शब्दाचा अट्टहास कशाला?

शुद्धिपत्र: ‘क्षतिप्रवण’.

खडूस: हा शब्द वाचूनच इजा झाली.

रातांबा: मी अजून हळवीवरच आहे. भातालाही हळवं म्हणतात, त्याला काय रडू येतं?

पावशेर: भाताचं हळवं म्हणजे लवकर तयार होणारं. उशिरा होतं ते गरवं. त्याचा नाजूकपणाशी संबंध नाही.

सूक्ष्मदर्शी: मग तर उलटंच झालं. संप्रेरक नसेल तर पेशी जागेवर उशिरा पोचतात, त्यांच्यावरचं वेष्टनही उशिरा चढतं. म्हणजे त्या गरव्या.

रातांबा: आणि मधल्या मुदतीचं निमगरवं विसरलात! आमच्याकडे तेच लावतात.