एनडीव्हीआयच्या आलेखातल्या टप्प्यांना मराठीत काय म्हणायचं?

सॅटेलाइटवरून झाडझाडोऱ्याचा हिरवेपणा वर्षभर मोजतात, त्या एनडीव्हीआयवर मराठीत लिहितेय. आलेख चढतो, माथ्याला पोचतो, मग उतरतो, तर या तिघांना मी पालवी, बहर आणि पानगळ असं लिहिलंय. चालेल ना? आणि फेनॉलॉजीला, म्हणजे ऋतूनुसार सजीवांमध्ये होणाऱ्या बदलांच्या अभ्यासाला, काय म्हणता?

— बहर तेवढा काढा हो! बहर म्हटलं की फुलं आली आणि हा निर्देशांक फुलं मोजतच नाही, पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं आणि पानाच्या आतली रचना जवळचा इन्फ्रारेड परत फेकते, परत आलेल्या या दोन्हींतला फरक भागिले बेरीज, बस एवढंच. म्हणजे इन्फ्रारेड ५० टक्के आणि लाल ८ टक्के परत आला तर ४२ भागिले ५८, साधारण ०.७२. आता पळस घ्या, ऐन बहरात झाड निष्पर्ण असतं, तेव्हा तुमचा 'बहर' आलेखाच्या तळाशी सापडायचा. सरळ 'ऐन हिरवाई' लिहा.

— पानगळीबद्दलही थोडं. आकडा पानं गळायच्या आधीच घसरायला लागतो कारण पान पिवळं पडलं की लाल जास्त परत येतो, पान फांदीवरच असतं आणि आलेख उतरणीला लागलेला असतो. मी 'हिरवाई ओसरणं' म्हणेन.

— मग पालवी तरी कशी चालेल? मोडिस या सॅटेलाइटवरच्या उपकरणाच्या चित्रातला एक ठिपका बारीकातला बारीक २५० मीटरचा, त्यात झाडं, गवत, पीक सगळं एकत्र, आधी गवत उगवलं तरी आकडा चढतो. बर्फाळ भागात तर नुसता बर्फ वितळला तरी चढतो, एकही नवं पान न फुटता! सेंटिनेल-२ या सॅटेलाइटचा ठिपका १० मीटरचा, पण एकेक झाड सुटं दिसेलच असं तिथेही नाही.

— बरं, मग 'हिरवाई चढणं, ऐन हिरवाई, हिरवाई ओसरणं'. पण हिरवाईच का, हिरवळ का नको?

— हिरवळ म्हटलं की लोकांना लॉन दिसतं. 'हरितता' बरोबर आहे पण फारच सरकारी वाटतं बुवा.

— एक भर घालतो, 'ऐन हिरवाई' लिहाल तिथे दाट जंगलाचा अपवाद नोंदवा. पानांचे थर खूप झाले की एनडीव्हीआय ०.८-०.९ च्या आसपास अडकतो, पानं वाढत राहिली तरी आकडा हलत नाही, त्यामुळे माथा सपाट दिसतो आणि नेमकी तारीख काढणं अवघड होतं. तिथे ईव्हीआय हा दुसरा हिरवाई निर्देशांक बघतात, तो एवढा लवकर अडकत नाही.

— फेनॉलॉजी राहिलंच की. त्याला 'ऋतुजैविकी' वाचलंय पण त्यात पक्ष्यांचं स्थलांतर, कीटक सगळंच येतं. तुमचा विषय फक्त सॅटेलाइटचा आहे तर फेनॉलॉजी तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'ऋतूनुसार होणारे सजीवांमधले बदल' एवढं फोडून सांगा.

— ठीक, पळसाचं उदाहरणही घेते, तेवढ्यानेच बहर का नको ते कळेल.