ए विंगखालची गाडी : आत कुणी नाही, तरी एसी चालू

गायकवाड काका, बी-१०२ (दु. २:११)
कमिटीला विनंती. ए विंगखाली जी इलेक्ट्रिक गाडी उभी आहे तिच्यातून मघापासून घूंऽऽ असा आवाज चाललाय. आत कुणी नाही, दारं-काचा बंद. वायर भिंतीला लावलेली आणि गाडीखाली पाणी. काही झालं तर जबाबदार कोण? आणि दुपारी माणसाने जरा आडवं व्हायचं की नाही?

कुलकर्णी काकू, ए-१०१ (२:१३)
आमच्या खिडकीखालीच आहे हो ती. मलाही आवाज येतोय. पाणी कसलं असेल? बॅटरीचं असेल तर हात लावू नका कुणी. वॉचमनला पाठवा.

पगार, सी-५०३ (२:१४)
वॉचमन जेवायला गेलाय काकू. आवाज ऐकून गाडीच त्याला शोधत असेल 😄

खैरनार, सी-२०१ (२:१५)
विषय निघालाच आहे तर कॉमन मीटरचं मार्चचं बिल कृपया ग्रुपवर टाका.

आहेर, सेक्रेटरी (२:१८)
सर्वांना नमस्कार. मी सातपूरला आहे. देवरे ताई, जरा बघता का 🙏

देवरे, ए-३०४ (२:२३)
नमस्कार काका. गाडी माझी आहे, बिघाड काही नाही. मी वरून मोबाईलवरून एसी लावलाय, अडीचला मुलीला क्लासला सोडायचंय म्हणून. गाडी सकाळपासून अंबडला कंपनीच्या उघड्या पार्किंगमध्ये उन्हात होती. दीडला आले तेव्हा सीटबेल्टचं बक्कल हाताला लागत नव्हतं इतकं तापलेलं. सात वर्षांच्या मुलीला त्यात बसवायचं कसं?
पाणी एसीचं आहे. घरातल्या एसीच्या पाइपमधून पडतं तेच. सध्या हवा कोरडी आहे म्हणून वाटीभर पडलंय, जूनमध्ये याच्या कितीतरी पट पडेल. काकू, बॅटरी गाडीच्या तळाला सीलबंद पेटीत असते, तिच्यात घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखं पाणी भरत नाहीत.

गायकवाड काका, बी-१०२ (२:२६)
पाण्याचं कळलं. आवाजाचं काय?

देवरे, ए-३०४ (२:२९)
पुढच्या पंख्याचा आहे काका. पेट्रोल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो, इथे तो थेट मोठ्या बॅटरीवर चालतो. म्हणून गाडी बंद असली तरी एसी चालतो. बऱ्याच गाड्यांत तीच यंत्रणा बॅटरीलाही थंड करते. त्यामुळे चार्जिंग करताना किंवा उन्हातून आल्यावर पंखा आपोआप जोरात लागतो. तुमच्या झोपेची वेळ लक्षात ठेवीन आणि शक्य तेव्हा कोपऱ्यातल्या जागेत लावीन.

गायकवाड काका, बी-१०२ (२:३०)
ठीक. मी कुणाच्या वाईटावर नाही. पण आधी ग्रुपवर सांगायला काय हरकत होती? प्रेसमध्ये आम्ही मशीन चालू करायच्या आधी घंटी द्यायचो.

खैरनार, सी-२०१ (२:३१)
वीज कुणाची जळते हा प्रश्न आहे. कॉमन मीटरचं मार्चचं बिल कृपया ग्रुपवर टाका.

देवरे, ए-३०४ (२:३३)
भाऊ, वायर माझ्या फ्लॅटच्या मीटरवरून आहे, कमिटीची लेखी परवानगी घेऊन टाकली आहे. घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करता येते हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. आहेर साहेबांकडे फाइल आहे. निघते, मुलीला उशीर होतोय. आल्यावर सविस्तर लिहिते.

खैरनार, सी-२०१ (२:३४)
मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

जाधव वहिनी, सी-४०४ (२:४०)
देवगड हापूस आलाय. गवतात पिकवलेला, खात्रीचा. पेटी हवी असल्यास पर्सनलवर सांगा. ए विंगची डिलिव्हरी संध्याकाळी ७ नंतर 🥭

पगार, सी-५०३ (२:४१)
वहिनी, पेटी देवरे ताईंच्या गाडीत ठेवा, गार राहील.

बोरसे, बी-३०१ (३:०२)
सगळं वाचलं. स्टिल्टवाल्यांचं बरं आहे, बिल्डिंगखाली सावलीत लावतात. आम्ही उघड्या पार्किंगमधले, ओपनवाले, काय करायचं? स्टिअरिंग रुमालाने धरून गाडी काढतो. मी सरळ खाली येऊन दहा मिनिटं इंजिन चालू करून एसी लावतो. त्यावर कुणी काही बोललं नाही इतकी वर्षं, आणि बॅटरीच्या गाडीवर एवढी चर्चा.

गायकवाड काका, बी-१०२ (३:०५)
बोरसे, ओपनला सावली होती. कडुनिंब कुणाच्या अर्जावरून छाटला ते सगळ्यांना माहीत आहे. पानं पडतात, पक्षी घाण करतात. आठवतंय ना?

बोरसे, बी-३०१ (३:०७)
काका, अर्ज छाटणीचा होता. बुंधा ठेवून सगळं उतरवा असं मी म्हटलेलं नव्हतं. कंत्राटदार कुणी आणला तेही सगळ्यांना माहीत आहे.

निकम, बी-२०३ (३:०८)
महापालिकेची परवानगी होती का? झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे राज्याचा.

बोरसे, बी-३०१ (३:०९)
निकम, कायदा बोलायचा तर तुमच्या गॅलरीतून स्कूटरसाठी लोंबणारं एक्स्टेंशन कोणत्या कायद्यात बसतं?

निकम, बी-२०३ (३:०९)
हा मेसेज डिलीट केला आहे.

आहेर, सेक्रेटरी (३:१५)
कृपया वैयक्तिक होऊ नये. झाडाचा विषय सभेत झालेला आहे.

गायकवाड काका, बी-१०२ (३:१६)
झालेला नाही. पुढे ढकललेला आहे.

देवरे, ए-३०४ (४:२०)
आले. क्लासच्या बाहेर बसून लिहून ठेवलं होतं, आता पाठवते. लांब आहे पण वाचा, कारण मे अजून यायचाय.

काचेतून ऊन आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापवतं, आणि ती उष्णता काचेतून परत बाहेर पडत नाही. म्हणजे गाडीत नुसती हवा तापलेली नसते, वस्तू तापलेल्या असतात. एसी कितीही फुल केला तरी डॅशबोर्ड मागून शेकत राहतो. म्हणून गाडीत बसल्या बसल्या एसी लावून काचा बंद करू नका. आधी चारही दारं उघडून कोंडलेली हवा जाऊ द्या, काचा खाली ठेवून गेटपर्यंत या, मग काचा बंद करून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. २४-२५ वर ठेवा. १६ वर लावल्याने गाडी लवकर गार होते असं नाही, कॉम्प्रेसर सुरुवातीला तसाही पूर्ण ताकदीने चालतो.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे सगळं वायर लावलेली असतानाच करावं. तापलेली गाडी थंड करायला सुरुवातीला साधारण दोन किलोवॅट लागतात असं धरा. पंधरा मिनिटं म्हणजे अर्धा युनिट. तो भिंतीतून आला तर बॅटरी भरलेलीच राहते. वायर काढून तेच केलं तर निघण्याआधीच तीन-चार किलोमीटर गेले. साध्या १५ अँपियरच्या सॉकेटमधून तीन किलोवॅटच्या आसपास मिळतात, त्यामुळे तेवढा वेळ चार्जिंग मंदावेल, पण नुकसान काही नाही. एकदा आतलं गार झालं की तोच एसी किलोवॅटपेक्षा कमीवर चालतो.

आणि एसीचा खर्च तासावर असतो, अंतरावर नाही. वणीला मोकळ्या रस्त्याने गेलात तर जाणवणार नाही. इथे नाशकात द्वारका चौकात सिग्नलला तुंबलात तर गाडी हलत नाही आणि युनिट जात राहतात. सीटला हवेचा पंखा असेल तर तो लावा, त्याला एसीच्या मानाने नगण्य वीज लागते.

बोरसे भाऊ, तुम्हाला वेगळं सांगायचंय. रागावू नका. तुम्ही इंजिन चालू ठेवता तेव्हा धूर थेट काकूंच्या खिडकीत जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. स्टिल्टच्या तोंडाशी तरी उभं राहून नका करू.

कुलकर्णी काकू, ए-१०१ (४:२६)
ताई, छान समजावलंत. एक विचारू? आमचे जावई मॉलमध्ये गेले की नातवाला गाडीतच झोपवतात, एसी लावून. इलेक्ट्रिक आहे, धूर नाही, चालतं म्हणतात. चालतं का?

देवरे, ए-३०४ (४:३१)
नाही काकू. अजिबात नाही. कृपया आजच फोन करून सांगा.
मोबाईलवरून लावलेला एसी बऱ्याच गाड्यांत ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होतो. बॅटरी कमी झाली तर बंद होतो. एखादा बिघाड झाला तर बंद होतो. आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये फोनला रेंज नसली तर तुम्हाला कळणारही नाही. २००५ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या गाडीचं तापमान मोजलं होतं. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. बाहेर जेमतेम ऊबदार असलं तरी हेच. आपल्याकडे बाहेरच चाळीस. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. पाच मिनिटांसाठी सुद्धा नको.

कुलकर्णी काकू, ए-१०१ (४:३३)
लगेच लावते फोन.

खैरनार, सी-२०१ (४:३४)
उपयुक्त माहिती. पण मूळ मुद्दा राहिला. कॉमन मीटरचं मार्चचं बिल कृपया ग्रुपवर टाका.

आहेर, सेक्रेटरी (४:३६)
बिल नोटीस बोर्डवर लावलेलं आहे.

खैरनार, सी-२०१ (४:३६)
ग्रुपवर टाका.

पगार, सी-५०३ (४:४०)
ताई, मीही पुढच्या महिन्यात इलेक्ट्रिक घेतोय, जागा ओपनलाच आहे. काळी फिल्म मारून घेऊ का सरळ? आणि वर काचेचं छत आहे म्हणतात, त्याचं काय?

देवरे, ए-३०४ (४:४५)
काळी नको, दंड होईल. मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेलाच पाहिजे. काळेपणा म्हणजे गारवा नव्हे, उष्णता अडवणाऱ्या काचा पारदर्शकही असतात. काचेच्या छताला आतून पडदा आहे ना ते घेण्याआधीच बघा, दुपारी बाराला शोरूमच्या बाहेर उन्हात बसून बघा. पुढच्या काचेला चकचकीत सनशेड लावाच. आतून लावण्यापेक्षा बाहेरून झाकलेलं जास्त चांगलं, कारण ऊन काचेच्या आत यायच्या आधीच अडतं.
पण भाऊ, हे सगळं सावलीच्या पुढे काहीच नाही. मी पंधरा मिनिटं एसी लावून जे मिळवते ते तुम्हाला एका झाडाने फुकट दिलं असतं.

बोरसे, बी-३०१ (४:४७)
पुन्हा झाड.

देवरे, ए-३०४ (४:५२)
भाऊ, तुम्हाला दोष देत नाहीये. ओपनला सतरा गाड्या आहेत, पेट्रोल, डिझेल, बॅटरी सगळ्या. त्या सगळ्या तापतात. आपण कुणाच्या मीटरचं बिल, कुणाच्या पंख्याचा आवाज यावर दुपार घालवली, आणि ओपनवर सावली करायचा ठराव मागच्या सभेपासून तसाच पडलाय. कडुनिंबाला फुटवा आलाय, तो आता कुणी तोडू नका. तो वाढेपर्यंत तरी नेट टाका.

निकम, बी-२०३ (४:५५)
पक्क्या शेडला महापालिकेची परवानगी लागेल. आणि फायर ब्रिगेडची गाडी फिरायचा रस्ता मोकळा ठेवावा लागेल. हे मी सभेतही म्हटलं होतं. (एक्स्टेंशन काढलंय. कुणी फोटो काढायची गरज नाही.)

गायकवाड काका, बी-१०२ (४:५८)
शेड कशाला? माझा भाचा पिंपळगाव बसवंतला आहे, द्राक्षबागायतदार. नर्सरीला लावतात ती हिरवी शेडनेट घ्या. ५० टक्के, ७५ टक्के सावलीची अशी मिळते. ७५ ची घ्या. वारा आरपार जातो आणि पावसाळ्याआधी गुंडाळून ठेवता येते. रस्त्याच्या बाजूला टाकायची नाही, फक्त भिंतीकडच्या रांगेवर. खांब पाइपचे. भाच्याला विचारून नेटचा दर मीटरचा भाव सांगतो.

बोरसे, बी-३०१ (५:०१)
काका, खांबांचं वेल्डिंग माझ्याकडून. मजुरी घेणार नाही. कुठली रांग ते ठरवा फक्त.

पगार, सी-५०३ (५:०२)
माझी जागा भिंतीकडेच आहे, मी गप्प बसतो.

जाधव वहिनी, सी-४०४ (५:०३)
तीनच पेट्या राहिल्या आहेत.

आहेर, सेक्रेटरी (५:१०)
रविवारी सकाळी ९ वाजता ओपन पार्किंगमध्ये मोजणी. गायकवाड काका, बोरसे, निकम, देवरे ताई यांनी यावे. त्या भिंतीकडच्या गाड्या तेवढ्या वेळापुरत्या बाहेर काढाव्यात. नेटचा खर्च ओपनवाल्यांकडून की सोसायटी फंडातून ते तिथेच बोलू.

खैरनार, सी-२०१ (५:१२)
फंडातून असेल तर माझा लेखी विरोध नोंदवून घ्या. आणि येताना बिल आणा.