पहिल्यांदाच परदेशात जातेय, तेही एकटी. झोप उडालीय, कुणीतरी सांगा

पोटातगोळा:
पुढच्या महिन्यात ऑफिसच्या ट्रेनिंगला लिस्बनला जायचंय, दहा दिवस. मधे फ्रँकफर्टला विमान बदलायचंय, हातात १ तास ५० मिनिटं. याआधी कधी देशाबाहेर गेलेले नाही. तिकीट आलं त्या दिवशी अक्षरशः नाचले होते आणि आता रोज पहाटे तीनला जाग येते, डोक्यात तोच सीन, मी कुठल्यातरी अवाढव्य विमानतळावर चुकीच्या दिशेला पळतेय आणि स्पीकरवर माझ्या नावाचा पार चुराडा करून पुकारा चाललाय. बॅग फ्रँकफर्टला घ्यायची की लिस्बनला? इमिग्रेशन दोनदा होतं का? तो ऑफिसर काही विचारेल आणि मला इंग्रजी सुचणारच नाही मग? घरी बोलले तर म्हणतात एवढी मोठी झालीस आणि घाबरतेस कसली, म्हणून इथे विचारतेय. हसू नका प्लीज.

खिडकीचीसीट:
हसत नाहीये, माझंही असंच झालं होतं. मुद्द्याचं सांगतो. जर्मनी आणि पोर्तुगाल दोन्ही शेंगेनमधे (युरोपातले असे देश ज्यांच्यात आपसात पासपोर्ट तपासणी नसते) येतात, त्यामुळे तुझं इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होणार, लिस्बनला नाही. लिस्बनला उतरलीस की डोमेस्टिक प्रवासासारखं थेट बॅगांच्या पट्ट्यावर. हे माहीत नसलं की लोक लिस्बनला पासपोर्टचा काउंटर शोधत बसतात (मी बसलो होतो, दुसऱ्या शहरात, वीस मिनिटं). परत येताना उलटं, लिस्बनला इमिग्रेशन नाही, बाहेर पडल्याची नोंद फ्रँकफर्टला, तेव्हा तिकडेही तो वेळ धर.
दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर आहेत ना? मग बॅग सहसा सरळ लिस्बनला जाते. चेक-इनला बॅगेला टॅग लावतात त्यावर शेवटचा कोड एलआयएस (LIS, म्हणजे लिस्बन) आहे का तेवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघ, आणि त्याची चिकटपट्टी देतात ती फेकू नकोस.

पोटातगोळा:
हो एकच बुकिंग नंबर आहे. पण १ तास ५० मिनिटांत इमिग्रेशनची लाइन होईल का? आणि फ्लाइट चुकली तर??

रांगेतउभी:
खोटं कशाला सांगू, लाइन मोठी असू शकते. ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे नवीन सिस्टिम आलीय, शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन कॉम्प्युटरवर नोंद, आणि पहिल्या वेळी त्यात वेळ जातो. म्हणून विमानातून उतरल्यावर आधी लाइनीत लाग, बाथरूमचं काम लँडिंगच्या आधीच उरकून घे. विमानात पुढची सीट मिळत असेल तर घे, मागून उतरायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात आणि तेवढ्यात पुढे दोनशे माणसं. अगदीच वेळ कमी उरला तर तिथल्या स्टाफला बोर्डिंग पास दाखवून सरळ विचार, लाजू नकोस. कधी पुढे घेतात कधी नाही, पण न विचारता मागे उभं राहून घामाघूम होण्यात काय अर्थ.
आणि चुकली तर चुकली. एकाच तिकिटावर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे किंवा लाइनीमुळे पुढचं चुकलं तर एअरलाइनच्या ट्रान्सफर काउंटरवर जायचं, सहसा पुढच्या विमानात बसवतात. दोन वेगळी तिकिटं असती तर मी पण घाबरवलं असतं तुला.

जुनीसुटकेस:
ऑफिसरबद्दल. माझ्या पहिल्या वेळी त्याने विचारलं किती दिवस राहणार, आणि मी त्याला तोंडपाठ असलेला पासपोर्ट नंबर सांगितला 😄 तो हसला, परत विचारलं, झालं. साधारण चारच गोष्टी विचारतात, कशासाठी आलात, कुठे राहणार, परतीचं तिकीट, खर्चाला पैसे. ऑफिसचं पत्र, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि इन्शुरन्स, हे कागदावर छापून हँडबॅगेत ठेव. मोबाइलमधे असतंच पण बॅटरी नेमकी तेव्हाच जाते. इंग्रजी नाही सुचलं तर कागद पुढे करायचा, तीन शब्दांत काम होतं.
एक मात्र आजच बघ. व्हिसाच्या स्टिकरवर तारखा वेगळ्या असतात आणि राहायचे दिवस वेगळे छापलेले असतात. तारखा महिनाभराच्या असल्या आणि दिवस १२ लिहिले असतील तर १२च. आत शिरल्याचा दिवस आणि बाहेर पडल्याचा दिवस दोन्ही मोजतात. नाव आणि पासपोर्ट नंबरचं स्पेलिंग पण बघून घे, चूक असेल तर आत्ताच दुरुस्त होते.

पोटातगोळा:
बघितलं, २५ दिवस लिहिलंय, नाव पण बरोबर. एवढ्यानेच जरा श्वास आला. पॉवर बँक कुठे ठेवू? आणि मला रोजच्या गोळ्या असतात.

खिडकीचीसीट:
पॉवर बँक हँडबॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा चालते, २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर होते. फक्त त्यावरचा छापील आकडा पुसला गेलेला नको, नाहीतर काढून घेऊ शकतात. एअरलाइनचे नियम पण एकदा बघ, काही ठिकाणी विमानात वापरू देत नाहीत.

जुनीसुटकेस:
गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसोबत, आणि सगळ्या हँडबॅगेत. एक जोड कपडे पण. माझी बॅग एकदा दोन दिवस उशिरा आली आणि मी तेच टीशर्ट घालून मीटिंगला. बॅग पट्ट्यावर दिसली नाही तर विमानतळ सोडायच्या आधी तिथल्या काउंटरवर तक्रार लिहून घ्यायची, रेफरन्स नंबर मिळतो, त्या वेळी ती चिकटपट्टी लागते. बाहेर पडल्यावर सिद्ध करत बसणं म्हणजे डोक्याला ताप.

रांगेतउभी:
अजून एक, लिस्बनचं घड्याळ फ्रँकफर्टच्या एक तास मागे आहे. बोर्डिंग पासवरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. मी एकदा हा हिशोब उलटा करून गेटवर एक तास आधी पोचले, बरं झालं उलटाच केला. लिस्बनच्या विमानतळावरूनच मेट्रो निघते, लाल लाइन, रात्री उशिरा नसेल तर टॅक्सीच्या भानगडीत पडायची गरज नाही.

पोटातगोळा:
हे सगळं वहीत क्रमाने लिहून काढलं. काल पहाटे तीनला परत जाग आली, पण यावेळी चुकीच्या दिशेला पळत नव्हते, लाइनीत उभी होते. फक्त हातात पासपोर्टऐवजी टीव्हीचा रिमोट होता. सतराला निघतेय, पोचले की इथे लिहिते.