अमेरिकेतला हाताने काढलेला अ‍ॅनिमेशनपट नेमका कशाने बुडाला?

रेघोट्या
‘टॉय स्टोरी’ (१९९५) आला, लोकांना संगणकावर घडवलेल्या थ्रीडी पात्रांची चटक लागली आणि हाताने काढलेले सिनेमे संपले, हे पाठ झालेलं उत्तर मला मान्य नाही. २००२ सालचे डिस्नेचेच दोन सिनेमे घ्या. ‘लिलो अँड स्टिच’वर खर्च सुमारे ८ कोटी डॉलर, जगभरातून जमले २७ कोटी. ‘ट्रेझर प्लॅनेट’वर १४ कोटी ओतले, आले जेमतेम ११. पेन्सिल तीच, वर्ष तेच. आणि ‘लिलो’ बनवणारा ऑर्लँडोचा स्टुडिओच जानेवारी २००४मध्ये बंद केला!

खरं दुखणं ‘लायन किंग’च्या यशात आहे. १९९४मध्ये तो तुफान चालला, त्याच वर्षी ड्रीमवर्क्स ही नवी सिनेमा कंपनी निघाली, वॉर्नर आणि फॉक्सही या धंद्यात उतरले. अ‍ॅनिमेटरांची पळवापळवी सुरू झाली, पगार चढले, बजेटं फुगली. फॉक्सचा ‘टायटन ए.ई.’ आपटला त्याच वर्षी, २००० साली, फॉक्सने फीनिक्सचा स्टुडिओ गुंडाळला. खापर मात्र कागदावर.

हिशेबनीस
असहमत. चांगल्या माणसाला थ्रीडीतही पैसे मोजावेच लागतात. फरक पडतो तो काम अर्ध्यावर आल्यावर बदल करायला किती पडतात, यात.

हातकामात लेआउट (शॉटची मांडणी आणि कॅमेऱ्याचा कोन) ठरतो, अ‍ॅनिमेटर की ड्रॉइंग (हालचालीतल्या मुख्य पोझची चित्रं) काढतो, मधली चित्रं कुठे पडायची ते कागदाच्या कडेला आखून देतो, पेन्सिल टेस्ट (कच्ची चित्रं चालवून बघणं) होते, मग क्लीन-अप (कच्च्या रेषा नेटक्या करणं), इनबिट्वीन (मधली चित्रं), रंग. सेकंदाला २४ चौकटी. एक चित्र दोन चौकटी धरलं तरी १२ चित्रं. ८० मिनिटं एकच पात्र पडद्यावर असेल तर ५७,६००. क्लीन-अप उरकल्यावर दिग्दर्शक म्हणाला, ‘कॅमेरा जरा खालून घेऊ’, की शॉट लेआउटपासून पुन्हा. थ्रीडीत रिग, म्हणजे पात्राचा हलवता येणारा सांगाडा, तयार असतो. कॅमेरा हलवला की एका कोनासाठी साधलेली पोझ विस्कटते, डागडुजी लागते, पण पात्र नव्याने काढावं लागत नाही.

‘टॉय स्टोरी २’ची कथा शेवटच्या नऊएक महिन्यांत उलटीपालटी केली, तरी सिनेमा १९९९मध्ये वेळेवर आला. डिस्नेचा हाताने काढलेला ‘किंगडम ऑफ द सन’ असाच मोडून ‘एम्परर्स न्यू ग्रूव्ह’ (२०००) केला, तेव्हा आधीचं बरंच काम टोपलीत गेलं.

चौकट_२४
हिशेबनीसांच्या मुद्द्याला पुस्ती. फिरता कॅमेरा हा मोठा खर्च होता. पात्र चालतंय, कॅमेरा सोबत सरकतोय, म्हणजे मागचं चित्र दर चौकटीला हलतं. पात्र मात्र दोन चौकटी एकाच चित्रावर थांबलेलं. परिणाम: पाय जमिनीवरून घसरल्यासारखे दिसतात आणि अंग थरथरतं. उपाय एकच, त्या शॉटपुरतं दर चौकटीला नवं चित्र. म्हणजे १२ची २४ आणि क्लीन-अपही दुप्पट. थ्रीडीत सांगाड्याच्या मधल्या हालचाली यंत्रच भरतं. प्रेक्षकाला कॅमेरा घिरट्या घालताना बघायची सवय लागली, तिथे हातकामाची पंचाईत झाली.

रेघोट्या
चौकटराव, घसरणाऱ्या पायांचं एकदम मान्य. पण यंत्र काय फक्त थ्रीडीवाल्यांकडे होतं? ‘रेस्क्युअर्स डाउन अंडर’पासून (१९९०) डिस्नेत रंगकाम आणि कॅमेरा संगणकावरच होता. ‘टार्झन’मध्ये (१९९९) रंगवलेल्या जंगलातून कॅमेरा मजेत फिरतो आणि त्याने जगभरात ४४ कोटींच्या वर कमावले. स्वस्ताईचं म्हणाल तर ‘प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ (२००९) साडेदहा कोटींत झाला, पुढच्याच वर्षीच्या थ्रीडी ‘टँगल्ड’ला २६ कोटी लागले. आता बोला!

हिशेबनीस
बोलतो की. ‘टँगल्ड’चे २६ कोटी म्हणजे कित्येक वर्षं चाललेल्या फेरफारांचं बिल, आणि तरीही गल्ला ५९ कोटी. ‘फ्रॉग’चा २७. मालक कुठे पैसे लावेल ते सांगायला नको.

खोडरबर
‘फ्रॉग’ अमेरिकाभर लागल्यावर आठवड्याभरात ‘अवतार’ आला. २०११च्या ‘विनी द पू’ला तर तिथे शेवटच्या हॅरी पॉटरचाच दिवस दिला. असल्या तारखा काढून वर ‘लोकांना नको आहे’ म्हणायचं! ‘सिम्पसन्स’चा सिनेमा (२००७) ५० कोटींच्या पुढे गेलाच ना? टीव्हीची पुण्याई होती हे कबूल, पण सपाट चित्रं बघायला लोक तिकीट काढून आले.

पण तुम्ही दोघंही पैशातच अडकलात. इनबिट्वीनचं खातं हीच या धंद्याची शाळा होती. नवखा माणूस मधलं चित्र शेजारच्या चित्रावरून गिरवतो, केसभर चूक पुढे पुढे साचत जाते आणि दहाव्या कागदावर पात्राचं डोकं सुजतं. दोन्ही की ड्रॉइंग खाली ठेवून, कागद बोटांत फडफडवत तपासायचं, हे शेजारी बसलेला जुना माणूस शिकवतो. २००४मध्ये ऑर्लँडो गेलं, २०१३मध्ये डिस्नेने उरलेल्यांतलेही बरेच कमी केले. आता उद्या कुणी १० कोटी डॉलर टेबलावर ठेवले, तरी क्लीन-अपला एका दमात शंभर माणसं आणणार कुठून? डिस्नेने अलीकडे हातकामासाठी पुन्हा प्रशिक्षणार्थी घेतले, तेही मोजकेच. तेवढ्यांत लघुपट निघेल, ८० मिनिटं नाही.