संस्थेचा स्टाफ आणि वस्तीतले कार्यकर्ते यांच्यात सारखी धुसफूस, कसं सोडवावं?

कुंभारी_अभ्यासिका
नमस्कार. मी एका छोट्या संस्थेत पगारी कोऑर्डिनेटर आहे, सोलापूरच्या विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) आमची संध्याकाळची अभ्यासिका चालते, विडी कामगार बायकांची मुलं येतात. ही अभ्यासिका मुळात वस्तीतल्याच पोरांनी आणि अक्कांनी सुरू केलेली, संस्था रजिस्टर झाली नंतर आणि फंड अन् आम्ही स्टाफ आलो त्याच्याही नंतर. आता होतंय असं की स्टाफ म्हणतो रजिस्टर भरा, फोटो टाका, आणि कार्यकर्ते म्हणतात आम्ही फुकट राबतो वर आम्हालाच हिशोब विचारता. मागच्या महिन्यात वेळ सातची पाच केली, वरून ठरलं आणि ग्रुपवर मेसेज पडला, पण शिकवणारी पोरं त्या टायमाला टॉवेलच्या कारखान्यात असतात, येणार कशी? दोन जुने कार्यकर्ते ग्रुप सोडून गेले. दुसरी बाजू पण सांगते, आमच्या स्टाफमधल्या मुलींना रात्री अकराला फोन येतात, नाही उचलला की "पगार घेता ना" म्हणून ऐकवतात, त्यांचे पगार किती तुटपुंजे आहेत ते मला माहितीय. दोन्हीकडची माणसं मनापासून काम करणारी आहेत म्हणून जास्त जीव तुटतो. कोणी असं सोडवलंय का?

पूर्वभागवाला
ताई, मी तुमच्यासारख्याच एका ठिकाणी कार्यकर्ता आहे म्हणून स्पष्ट सांगतो. रजिस्टर भरायला कोणाची ना नसते हो. ठरल्यावर कळतं याचा राग असतो. ज्याच्या वेळेवर, ज्याच्या गल्लीवर निर्णयाचा परिणाम होणार त्याला ठरायच्या आधी विचारा, मग तुम्ही नाही म्हणालात तरी माणूस ऐकून घेतो. आणि मीटिंग कधी घेता? मंगळवारी अकरा वाजता ऑफिसात घेतली तर कारखान्यातला माणूस येणार नाही, विड्या द्यायला गेलेली अक्का पण येणार नाही. सुट्टीच्या दिवशी वस्तीतच घ्या. अजून एक, आपल्याकडं निम्म्या आया घरात तेलुगू बोलतात, मीटिंगमध्ये सगळं मराठीत आणि कागद इंग्रजीत असला की त्या मान हलवतात आणि बाहेर येऊन मग खरं बोलतात. कोणीतरी तिथल्या तिथं तेलुगूत सांगत राहिलं पाहिजे. आणि अभ्यासिकेची चावी आता कोणाकडं असते?

हिशोबनीस_सोलापूर
मी दोन-तीन संस्थांचे हिशोब बघतो. पूर्वभागवाले मालक, तुमचं सगळं पटलं पण स्टाफ कागद मागतो तो काही हौस म्हणून नाही. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ऑफिस आणि प्रशासनावर आधी 50 टक्क्यांपर्यंत खर्च करता यायचा, 2020 च्या दुरुस्तीनंतर ती मर्यादा 20 टक्के झाली, म्हणजे माणसं कमी आणि कागद तेवढेच. देशातला पैसा असला तरी 2000 च्या वर रोख देणगी घेतली तर देणाऱ्याला 80जी ची, म्हणजे देणगीवरची आयकरातली सूट मिळत नाही, मग गड्ड्याच्या (सिद्धेश्वरच्या जत्रेच्या) वेळी कोणी प्रेमानं पाच हजार रोख आणून दिले की अकाउंटंट कुरकुरतो आणि कार्यकर्त्याला वाटतं आपल्यावर संशय घेतला. ही कारणं एकदा समोर बसून सांगा ना, नुसतं "फंडरला लागतं" म्हणू नका.
पोलीस पडताळणीवरून तर जास्त भांडणं होतात. पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याच्या) 2020 च्या नियमांत मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पडताळणी करायची असं आहे, आणि कार्यकर्ते मुलांमध्येच बसतात म्हणून त्यांचीही केलेली बरी. पण सुरुवात विश्वस्त आणि स्टाफपासून करा आणि ते सगळ्यांना दिसू द्या. वीस वर्षं वस्तीत राहणाऱ्या बाईला पहिला फॉर्म दिला तर तिचा अपमान होणारच.

एनएसएस_सर
आमच्या एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतल्या कॉलेजच्या मुलांना दोन वर्षांत सेवेचे 240 तास भरायचे असतात, ती येतात आणि जातात. संस्था त्यांचे बॅनरसकट फोटो टाकते, सर्टिफिकेट देते, आणि वर्षानुवर्षं झाडू मारून सतरंजी घालणाऱ्याचं नाव कुठंच नसतं, हे मी बघितलंय आणि वाईट वाटतं. आमच्या पोरांना जुन्या कार्यकर्त्यांच्या हाताखाली द्या, कोऑर्डिनेटरच्या नको. आणि रात्रीच्या फोनचं म्हणाल तर कार्यकर्त्यांनीच आपल्यातला एक माणूस निवडावा, आठच्या पुढं अडचण आली तर आधी त्याला फोन, आणि मूल हरवलं किंवा आजारी पडलं तरच स्टाफला. स्टाफलाही घर आहे, पगार म्हणजे चोवीस तास विकत घेतले असं नसतं.

कुंभारी_अभ्यासिका
सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्वभागवाले दादा, चावी आधी शेजारच्या अक्कांकडं असायची, आता ऑफिसात असते आणि मुलं कधीकधी बाहेर पायरीवर बसून राहतात, हे मी वर लिहिलं नव्हतं पण तुम्ही बरोबर विचारलंत. चावी परत अक्कांकडं द्यायची आणि वेळ सातच ठेवायची हे मी विश्वस्तांपुढं मांडते, त्या मीटिंगला कार्यकर्त्यांपैकी दोघं तरी बसलेच पाहिजेत असंही म्हणणार आहे. ग्रुप सोडलेल्या दोघांच्या घरी मी स्वतः जाते, मेसेज नाही करत. हिशोबनीस सर, पडताळणीचे अर्ज पोलीस स्टेशनला सगळ्यांचे एकत्र देता येतात का, की प्रत्येकानं वेगळा ऑनलाइन भरायचा? अक्कांपैकी बऱ्याच जणींकडं साधा फोन आहे.