शब्दचर्चा : 'ताबा', 'भेट', 'दरखास्त' आणि 'अवमान'

प्रश्न

वांद्रे-कुर्ला संकुलातील कुटुंब न्यायालयाच्या आदेशानुसार, माझ्या आठ वर्षांच्या मुलीला मी दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी 11 ते दुपारी 2 या वेळेत न्यायालयातील बालसंकुलात भेटावे असे ठरले आहे. गेल्या चार महिन्यांतील आठ भेटींपैकी पाच झाल्या नाहीत. एकदा तिला ताप होता, एकदा शाळेचे स्नेहसंमेलन होते आणि उरलेल्या तीन वेळा काहीच कळवले गेले नाही. कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 13 नुसार वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही, तेव्हा अर्जाचा मसुदा मी स्वतःच मराठीत करायला घेतला आणि पहिल्याच वाक्याशी अडलो.

न्यायालयात अशा भेटीला सगळे 'ॲक्सेस' म्हणतात. माझ्या आईला तो शब्द सांगितला तेव्हा तिला इमारतीकडे जाणारा रस्ता आठवला. मग 'भेट नाकारली' म्हणावे, 'भेट टाळली' म्हणावे, 'आदेशाचा भंग केला' म्हणावे की 'न्यायालयाचा अवमान केला' म्हणावे? यांत काही फरक आहे, की वजन वाढवण्यासाठी यांतला कोणताही शब्द वापरावा? शिवाय 'मुलीचा ताबा प्रतिवादीकडे आहे' असे लिहिताना हात धजत नाही. आमच्या बोरिवलीत ताबा फ्लॅटचा घेतात.

उत्तर : न्यायालयीन कागदपत्रांचे अनुवाद करणारी एक वाचक

'ताबा'बद्दलची आपली अडचण मला रोजची आहे. गंमत अशी की, या शब्दाच्या मुळाशी वस्तू नव्हे तर माणूसच आहे. अरबी 'ताबे' म्हणजे मागून चालणारा, अधीन असलेला. आपल्याकडचा 'ताबेदार' त्याच घरातला. पुढे जमीन, दुकान, घर यांच्या व्यवहारांत हा शब्द इतका रुळला की माणसासाठी तो वापरला की आता माणूसच वस्तू झाल्यासारखे वाटते. शासकीय मराठीत 'अभिरक्षा' आहे आणि त्यातील 'रक्षा' मुलाच्या बाबतीत अधिक शोभते, परंतु बोलताना तो शब्द वापरणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही. इंग्रजीत आरोपी आणि मूल दोघांनाही एकच 'कस्टडी' पुरते. मराठीने आरोपीसाठी 'कोठडी' वेगळी काढली आणि मुलासाठी मात्र धड नाम घडवलेच नाही, कारण घरगुती मराठीला त्याची गरजच पडत नाही: 'मूल कोणाकडे असते?', 'आईकडे.' हे '-कडे' अर्जातही चालते. 'मुलगी प्रतिवादीकडे राहते' हे वाक्य स्पष्ट आहे आणि कोणाला खटकणारे नाही.

'ताबा' आणि 'पालकत्व' यांची मात्र गल्लत करू नये. मूल आईकडे राहते याचा अर्थ वडिलांचे पालकत्व संपले असा होत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 मध्ये नैसर्गिक पालक म्हणून 'वडील आणि त्यांच्यानंतर आई' असे शब्द आहेत, आणि पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असेही तेथेच म्हटले आहे. त्यातील 'नंतर' या एका शब्दावर लेखिका गीता हरिहरन यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1999 साली न्यायालयाने त्याचा अर्थ 'मृत्यूनंतर' असा न घेता 'अनुपस्थितीत' असा घेतला. एका शब्दयोगी अव्ययाने एवढे घडवले, तेव्हा आपण पहिल्या वाक्याशी अडलात याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

उत्तर : कुटुंब न्यायालयात काम करणारा एक वकील

प्रश्न वजनाचा नाही. आपण लिहिलेला प्रत्येक शब्द वेगळ्या दाराकडे नेतो, आणि कोणते दार उघडेल हे आपल्या अर्जातील शब्दांपेक्षा मूळ आदेशातील क्रियापदावर अधिक अवलंबून असते.

आधी 'ॲक्सेस'. कुटुंब न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राची व्याख्या करताना 1984 च्या कायद्याने पालकत्व आणि ताबा यांच्या जोडीला हाच शब्द वापरला आहे, म्हणून तो आमच्या तोंडी बसला. 'भेट' हा शब्द त्याहून जवळचा असला तरी तो निसरडा आहे. भेट घेतात, भेट देतात, भेट होते, भेट घडवून आणतात आणि भेटीदाखल वस्तूही देतात. 'वडिलांनी मुलीची भेट घ्यावी' या आदेशात कर्तव्य कोणाचे, हे स्पष्ट होत नाही. 'आईने मुलीला भेटू द्यावे' म्हटले की आईने आडकाठी करू नये एवढेच निघते. 'मुलगी यायलाच तयार नव्हती, मी अडवले नाही' हे उत्तर त्यात बसून जाते. 'आईने मुलीला ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरल्या जागी घेऊन यावे' असे म्हटले तरच न आणणे हा भंग ठरवता येतो. आणि आदेशात नुसती 'वाजवी भेटीची मुभा' असेल, तर वाजवी म्हणजे किती यावरच वर्ष निघून जाते. आपल्या आदेशात दिवस, वेळ आणि जागा आहे, ही फार जमेची बाजू आहे. आणण्याची जबाबदारी कोणाच्या नावे लिहिली आहे, ते मूळ प्रतीत पाहून घ्या.

आता 'दरखास्त'. फारसीत आणि आजच्या हिंदी-उर्दूतही याचा अर्थ विनंती किंवा अर्ज. महाराष्ट्रातील न्यायालयांत मात्र हुकूमनाम्याची, म्हणजे दाव्यातील निकालाच्या आदेशाची, अंमलबजावणी मागणाऱ्या अर्जालाच दरखास्त म्हणतात. म्हणजे नाव विनवणीचे आणि काम वसुलीचे. 1984 च्या कायद्याचे कलम 18 कुटुंब न्यायालयाच्या आदेशांची अंमलबजावणी दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे करायला सांगते. 'अमुक करा' किंवा 'अमुक करू नका' असा हुकूम (कायद्याच्या भाषेत मनाईहुकूम) मोडणाऱ्याविरुद्ध संहितेच्या आदेश 21, नियम 32 मध्ये मालमत्तेची जप्ती किंवा दिवाणी कैद हे उपाय आहेत. मात्र आदेश पाळण्याची संधी असूनही तो जाणूनबुजून पाळला नाही, हे दाखवावे लागते. शिवाय दरखास्त चालवणारे न्यायालय हुकूमनाम्यात नसलेले काही देऊ शकत नाही. म्हणूनच वर क्रियापदाचा एवढा घोळ घातला. दावा अजून चालू असेल आणि आपला आदेश अंतरिम असेल, तर दरखास्तीपेक्षा त्याच दाव्यात अर्ज करणे बरे.

कैद, जप्ती हे शब्द वाचून हुरळून जाऊ नका. ज्या आईकडे मूल राहते तिला तुरुंगात पाठवायला कोणताही न्यायाधीश सहजासहजी तयार होत नाही, आणि माझ्या मते तो होऊही नये. मिळण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत: बुडालेल्या भेटींच्या बदल्यात भरपाईच्या भेटी, मुलगी सोपवण्याची अधिक सोयीची जागा, समुपदेशकांकडे पाठवणी आणि अधल्यामधल्या दिवशी व्हिडिओ कॉल. सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या एका निकालात भेटीच्या हक्काबरोबर 'संपर्काचा हक्क' वेगळा मांडला आणि व्हिडिओ कॉल हे त्याचे सर्वांत चांगले साधन मानले. हा शब्द अर्जात अवश्य वापरा. मुलांविषयीचे आदेश परिस्थिती बदलली की बदलून मागता येतात, तेव्हा आदेशातील शब्द ढिले असतील तर ते घट्ट करून मागणे हा दरखास्तीइतकाच खरा उपाय आहे.

'अवमान' शेवटी ठेवा. न्यायालय अवमान अधिनियम, 1971 प्रमाणे आदेशाचे हेतुपुरस्सर उल्लंघन हा दिवाणी अवमान होय. त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि मनापासून मागितलेली माफी स्वीकारली गेली तर शिक्षा टळते. खालच्या न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाकडे आहे आणि घटनेपासून एका वर्षाच्या आत कार्यवाही सुरू व्हावी लागते. परंतु अवमानाचे प्रकरण मुळात न्यायालय आणि आदेश मोडणारी व्यक्ती यांच्यातले असते. त्यातून शिक्षा होईल, पण शनिवार परत मिळेलच असे नाही. भेटी संमतीच्या अटींनी ठरल्या असतील, तर तेथे 'पक्षकारांना मान्य आहे' असे लिहिले आहे की 'न्यायालयाला हमी देत आहेत' असे, तेही पाहा. न्यायालयाला दिलेली हमी मोडणे हा कायद्याच्या व्याख्येतच अवमान आहे. नुसते 'मान्य आहे' असेल तर त्यावर वाद घालायला जागा उरते.

जाता जाता एक नमुना. 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमातील कलम 45 प्रमाणे, न्यायालयाने सांगूनही मूल हजर न करणाऱ्यास शंभर रुपयांपर्यंत दंड आहे, त्यानंतर हट्ट चालूच राहिला तर दिवसाला दहा रुपयांपर्यंत, आणि सर्व मिळून पाचशेच्या वर नाही. 1890 साली ही रक्कम जड असेल. आज मुंबईत तेवढ्यात एका मुलाच्या वाढदिवसाचा केकही येत नाही. त्याच कलमात दिवाणी कैदेचीही तरतूद आहे, म्हणून ते अगदीच निरुपयोगी म्हणता येत नाही.

उत्तर : या वाटेने गेलेला एक बाप

शब्दांवर मी काय बोलणार, पण एक शब्द सुचवतो: खाडा. दूधवाल्याचा खाडा आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतो, तसेच भेटीचे खाडे मांडा. तारीख, किती वाजता पोहोचलात, किती वेळ थांबलात, काय निरोप आला आणि तो कधी आला. 'येणार नाही' असा संदेश सकाळीच आला तरी ठरल्या वेळी जा आणि आपण हजर होतात याची लेखी नोंद तेथे मागा. न गेलेल्या दिवसाचा खाडा समोरच्याच्या नव्हे, आपल्या नावावर पडतो. तापाच्या दिवशी तब्येतीची चौकशी करणारा साधा संदेश पाठवला असेल तर तोही जपून ठेवा.

दोन गोष्टी मी रागाच्या भरात केल्या होत्या, त्या आपण करू नयेत. पहिली म्हणजे पोटगी थांबवली. भेट आणि पोटगी हे दोन वेगळे आदेश आहेत, एकाचा राग दुसऱ्यावर काढता येत नाही. पोटगी या शब्दातच पोट आहे आणि ते मुलीचे आहे, हे मला न्यायालयात ऐकून घ्यावे लागले. दुसरी म्हणजे थेट शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. त्या दिवसानंतर माझ्या अर्जापेक्षा त्या फाटकाचीच चर्चा अधिक झाली. पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. तेथे बाब दिवाणी असल्याचे सांगून न्यायालयात जायला सांगितले गेले. ते त्या वेळी टोचले, तरी वाट तीच होती.

उत्तर : अनुवाद करणारी वाचक

'पढवणे' या शब्दाबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहिते, कारण अशा अर्जांत तो हमखास येतो: 'प्रतिवादीने मुलीला पढवले आहे.' पढवलेला पोपट डोळ्यांसमोर येतो आणि मुलीला स्वतःचे मन नाही असे वाक्य सुचवून जाते. 1890 च्या कायद्यातील कलम 17 प्रमाणे, मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते. आठ वर्षांची मुलगी न्यायाधीशांशी किंवा समुपदेशकांशी स्वतः बोलेल. ती काय म्हणते ते आपण आधीच पोपटपंची ठरवून टाकू नये. 'दुरावा निर्माण होत आहे' एवढे लिहावे. 'दुरावा' या शब्दात कर्ता आपोआप येत नाही, आणि जो कर्ता सिद्ध करता येत नाही तो वाक्यात न आणलेलाच बरा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मूळ आदेश काढून पाहिला. त्यात मुलीला बालसंकुलात 'आणून सोडण्याची' जबाबदारी आईच्या नावे स्पष्टपणे लिहिली आहे. ही ओळ इतके दिवस मी वाचूनही वाचली नव्हती. ताप आणि स्नेहसंमेलन यांचे दोन शनिवार तक्रारीतून काढले आणि त्यांच्या बदल्यात फक्त भरपाईच्या भेटी मागितल्या. पहिले वाक्य आता असे झाले आहे: 'पुढील तीन तारखांना अर्जदार ठरल्या वेळी बालसंकुलात उपस्थित असताना प्रतिवादीने मुलीला आदेशाप्रमाणे तेथे आणले नाही, तसेच त्याचे कोणतेही कारण कळवले नाही आणि अशा रीतीने प्रतिवादीने अर्जदाराला भेट नाकारली.'

उत्तर : वकील

'आणि अशा रीतीने' पासून पुढचे काढून टाका. 'नाकारली' हा निष्कर्ष आहे, तो न्यायाधीशांना काढू द्या. तेथे पूर्णविराम देऊन तीन तारखा लिहा.